दारातला प्रश्न



आजच्या विषयात 'प्युरिटन' हा शब्द वाचून आपल्यापैकी काहींना वाटलं असेल, की वक्ता आज आपल्याला अमेरिकेला नेऊन सोडणार. नेणार आहे, पण संध्याकाळच्या आत परत आणणार आहे. सतराव्या शतकात इंग्लंड सोडून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या काही हट्टी माणसांनी धर्मजीवनाची एक रचना उभी केली. ती रचना दोनशे वर्षांनी, १८३१ साली, भिंगारच्या छावणीशेजारच्या या शहरात येऊन पोचली आणि इथल्या मातीत तिने मूळ धरलं. त्या मुळाला पुढे काय फुटलं, हा आजचा विषय. शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे. ज्या काळाबद्दल बोलायचं, त्या काळच्या कागदांवर ते अहमदनगर आहे. मी आपलं बोलीतलं 'नगर' म्हणेन, म्हणजे कोणाचीच तक्रार राहणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मान्य नाही त्यांना तासभर तयारी करता येईल. जो समाज माणसाला आत घेताना दारातच 'तू स्वतःच्या मनाने आलास का?' असं विचारतो, तो आपल्या पोटात बंडखोर वाढवत असतो. कारण हा प्रश्न एकदा माणसाच्या अंगवळणी पडला, की तो दारापाशी थांबत नाही. आतही विचारला जातो. प्युरिटनांनी आपल्या बंडखोरांना हाकललं, फटके मारले, फासावर चढवलं, आणि तरी बंडखोर निपजतच राहिले. नगरात काय झालं? इथेही निपजले. फक्त त्यांच्याशी वागण्याची तऱ्हा निराळी झाली, आणि तो फरक मला फार मोलाचा वाटतो.

प्रथम हे प्युरिटन कोण, ते पाहू. मराठीत त्यांच्यासाठी नेमका शब्द आहे, सोवळे. इंग्लंडच्या राजाने पोपशी फारकत घेतली खरी, पण चर्चमध्ये बिशप राहिले, झगे राहिले, गुडघे टेकणं राहिलं, छापील प्रार्थना राहिल्या. या लोकांना हे सगळं ओवळं वाटत होतं. काहींनी इंग्लंडच्या चर्चशी संबंधच तोडला. ते १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला गेले. बाकीच्यांनी संबंध न तोडता सुधारणा करू म्हटलं, आणि १६३० पासून ते मोठ्या संख्येने मॅसॅच्युसेट्स उपसागराच्या वसाहतीत उतरले. तिथे त्यांनी जे चर्च केलं, त्याला वर कोणी बिशप नव्हता. एका गावातली माणसं एकमेकांशी आणि देवाशी करार करत, तो करार म्हणजे त्यांचं चर्च. पाळक तेच निवडत, तेच काढत. प्रार्थनेचं घर अगदी ओकंबोकं: मूर्ती नाही, चित्र नाही, रंगीत काच नाही, वाद्य नाही, मध्यभागी व्याख्यानपीठ. (आजच्या या सभागृहाची रचना पाहिली तर ते खूष झाले असते.) करारात शिरायचं तर नुसता बाप्तिस्मा पुरत नसे. सगळ्या मंडळींसमोर उभं राहून, देवाची कृपा आपल्याला कधी, कशी जाणवली, ते सांगावं लागे. ऐकणारे प्रश्न विचारत. पटलं तर आत. आणि हा केवळ देवाधर्माचा मामला नव्हता, कारण १६३१ पासून त्या वसाहतीत मताचा हक्क चर्चच्या सभासद पुरुषांनाच होता. म्हणजे अंतःकरणाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय नागरिकत्वही नाही.

आता बघा, या माणसांनी स्वतःच्या मनासाठी राजाशी वैर धरलं, समुद्र ओलांडला. मग त्यांच्या वस्तीत एखाद्याचं मन वेगळं बोललं तर? रॉजर विल्यम्स हा सेलम गावाचा पाळक म्हणू लागला, की सरकारला माणसाच्या श्रद्धेवर हुकूम चालवता येत नाही, आणि इंग्लंडच्या राजाला इंडियनांची जमीन परस्पर वाटून टाकता येत नाही. १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यात तो निघून गेला आणि त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं. ॲन हचिन्सन या बाईच्या घरी बायका जमत, रविवारच्या प्रवचनाची चर्चा होई. चर्चेत पाळकांच्या चुका निघू लागल्या. १६३७ मध्ये तिच्यावर खटला चालला, पुढच्या वर्षी तिला घालवून दिलं. क्वेकर पंथाची मेरी डायर बंदी मोडून परत परत बॉस्टनला आली. १६६० मध्ये तिला फाशी दिली. पाठ्यपुस्तकी इतिहास याला ढोंग म्हणतो: स्वतःला स्वातंत्र्य हवं, दुसऱ्याला नको. मला हे उत्तर फार स्वस्त वाटतं. ढोंगी माणूस दारात प्रश्न विचारत नाही. तो देणगी घेतो आणि आत सोडतो. विल्यम्स आणि हचिन्सन हे प्युरिटनपणाचे शत्रू नव्हते, ते त्यातले पहिल्या नंबरचे विद्यार्थी होते. त्यांनी तोच प्रश्न पुढे नेला: माझं मन देवासमोर उत्तरदायी असेल, तर मध्ये न्यायाधीश कशाला?

याच प्रश्नापायी प्युरिटनांना आणखी एक गोष्ट करावी लागली, आणि आपल्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. स्वतःच्या मनाने यायचं तर स्वतः वाचता आलं पाहिजे. १६४७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला, की पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने लिहा-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा. सैतान माणसाला शास्त्रापासून दूर ठेवू पाहतो, म्हणून शाळा; असं कारण त्या कायद्यातच दिलेलं आहे. हा धागा हातात धरून ठेवा. थोड्या वेळाने तो पुण्याच्या भिडेवाड्यात निघणार आहे.

आता सेलमला परत येऊ. तामिळनाडूतलं सेलम नव्हे, विल्यम्सचं सेलम. तिथेच १६९२ मध्ये चेटकिणींचे खटले झाले आणि एकोणीस जणांना फाशी दिली. त्याच गावात ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांना परदेशी धर्मप्रचारासाठी दीक्षा दिली गेली: जडसन, नॉट, न्यूएल, हॉल आणि राइस. त्यांना पाठवणारी संस्था अमेरिकन बोर्ड, १८१० मध्ये न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल चर्चवाल्यांनी, म्हणजे प्युरिटनांच्या थेट वारसांनी काढलेली. हे पाच जण भारतात पोचायच्या वेळी काय झालं? जडसनने जहाजावर नवा करार मूळ ग्रीकमधून पुन्हा बारकाईने वाचला. बालकांना बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या माणसालाच, या प्रश्नावर बाप्टिस्टांशी वाद घालायची तयारी तो करत होता, आणि तयारी करता करता त्याला बाप्टिस्टांचंच पटलं! कलकत्त्याला उतरल्यावर त्याने बुडून बाप्तिस्मा घेतला, मागोमाग राइसनेही घेतला, आणि ज्या संस्थेने खर्च करून पाठवलं तिला दोघांनी राजीनामा दिला. पाचांतले दोन, काम सुरू होण्याआधीच! बॉस्टनमध्ये काय चेहरे झाले असतील याची कल्पना करा. पण तक्रार कोणाकडे करणार? वाचा आणि मनाला विचारा, हे त्यांनीच शिकवलं होतं.

उरलेल्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला आले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना जहाजात बसवून परत धाडायची तयारी झाली. मध्येच दोघे गुपचूप कोचीनपर्यंत गेले, तिथून पकडून आणले गेले. त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना लेखी कळवलं, की धर्माच्या आज्ञेपुढे आमचा नाइलाज आहे. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना वाट मिळाली. म्हणजे मराठी मुलखात हा पंथ आला तोच मुळी सरकारी हुकूम झुगारून. पुढे हे लोक इंग्रजी राज्याच्या सावलीला सुखाने बसले, हेही खरं. पण पहिलं पाऊल बेकायदा होतं, एवढी नोंद असू द्यावी.

१८३१ मध्ये ग्रेव्ह्ज, हर्वे आणि रीड ही मंडळी नगरला आली. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. वर्षभरात हर्वे पटकीने गेला, १८३३ मध्ये बाबाजीही तसाच गेला. त्याच १८३३ मध्ये नगरला पहिलं चर्च स्थापन झालं. आणि योगायोग असा, की याच १८३३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने चर्चला लोकांच्या करातून पैसा देण्याची जुनी प्रथा घटनादुरुस्ती करून बंद केली. तिकडे राज्य आणि मंडळी यांची काडीमोड होत होती, त्याच साली इकडे, जिथल्या राज्याला त्या मंडळीशी काही देणंघेणं नव्हतं तिथे, ती नव्याने जन्मली. नगरची मंडळी सत्तेविना जन्मली. ती कोणाला हद्दपार करू शकत नव्हती, फाशी देणं तर दूरच. उलट तिच्यात येणाऱ्यालाच गाव हद्दपार करत होतं.

'मंडळी' हा शब्द मी मघापासून वापरतोय, त्यावर क्षणभर थांबू. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला मंडळी म्हणतो. किती नेमका शब्द सापडला पाहा! इमारत नव्हे, पुरोहितवर्ग नव्हे, जमलेली माणसं. 'काय मंडळी, जेवलात का?' या वाक्यातला शब्द. बॉस्टनच्या काँग्रिगेशनल माणसाला आपलं सगळं धर्मशास्त्र एका शब्दात सांगायचं असतं तर त्याने हाच निवडला असता. पण या साध्या शब्दाच्या दारात उभं राहायला काय पडत होतं? इथेही उमेदवाराला मंडळीपुढे साक्ष द्यावी लागे, प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत. शिवाय इथे एक प्रश्न असा होता, जो सेलममध्ये कधी विचारला गेला नव्हता: प्रभुभोजनाच्या वेळी एकाच पेल्यातून पिशील का? भाकरीचा तुकडा एका ताटातून घेशील का? १८३९ मध्ये हरिपंत आणि नारायण हे खिस्ती आडनावाचे दोघे ब्राह्मण भाऊ ख्रिस्ती झाले. (आडनाव आधीचं आहे बरं का, देवाला विनोदबुद्धी नसते असं कोणी म्हणू नये.) मंडळीत त्यांच्याआधी आलेल्यांत निराधारांच्या आश्रमातली माणसं होती. तो पेला ओठाला लावताना एका क्षणात काय काय सांडत होतं, याचा विचार करा: सोयरीक, श्राद्ध, वडिलांच्या घराचा उंबरा, विहीर. न्यू इंग्लंडच्या प्रार्थनाघरात बसण्याच्या जागा हुद्द्याप्रमाणे ठरत, आणि गुलामांना सज्जात बसवत. त्या मानाने नगरचा पेला जास्त धारदार होता. मॅसॅच्युसेट्सला जे आपल्या घरी पूर्ण जमलं नाही, त्याची परीक्षा त्याने नगरच्या माणसाकडून घेतली. नगरचा माणूस ती उत्तीर्ण झाला, निदान टेबलापुरता. सोयरिकीत जात पुढेही टिकली, हे लपवण्यात अर्थ नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो या जिल्ह्यात आलाच पाहिजे. कोणी म्हणेल, मनाचा कौल, जातीविरुद्धचं बंड, हे आम्हाला बॉस्टनने का शिकवावं? नेवासं इथून किती लांब आहे? ज्यांच्या आईबापांना धर्ममार्तंडांनी वाळीत टाकलं, त्या ज्ञानेश्वरांनी नेवाशात खांबाला टेकून गीता मराठीत आणली. श्रीगोंद्यात शेख महंमद नावाच्या मुसलमान संताने 'योगसंग्राम' लिहिला आणि वारकऱ्यांनी त्याला आपला म्हटला. सोळाव्या शतकात इथल्या बुऱ्हाण निजामशहाने सुन्नी पंथ सोडून शिया पंथ घेतला, तेव्हा दरबार हादरला होता. मतांतर या गावाला नवं नाही. आक्षेप पूर्ण खरा आहे. पण एक फरक पाहा. वारीच्या वाटेवर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. वारी संपली, की ज्याचा त्याचा वाडा आणि ज्याचं त्याचं गावकुसाबाहेरचं घर. चोखोबांची समाधी पायरीपाशीच राहिली. संतांनी मन मोकळं केलं, पण त्या मोकळ्या मनांची नावनिशीवार यादी करून, त्यांना मत देऊन, हिशेब बघायला बसवून, पाळक निवडायला लावून, अशी संस्था त्यांनी उभारली नाही. त्यांना ती उभारायचीही नव्हती. मॅसॅच्युसेट्सहून आली ती ही रचना. भाषा मात्र तिच्याजवळ नव्हती. ती इथली होती. हेन्री बॅलंटाइन हा मिशनरी इंग्रजी चालींवर मराठी गीतं रचत होता; लोक ती गात होते, जशी शाळेत कवायत करतात तशी. पुढे मंडळीतलेच कृष्णराव सांगळे उभे राहिले ते कीर्तनाला, टाळ-मृदंग घेऊन. ज्यांच्या पूर्वजांनी प्रार्थनाघरात वाद्य येऊ दिलं नाही, त्या अमेरिकनांसमोर मृदंग वाजत होता. हे पहिलं सौम्य बंड, आणि ते तालात होतं.

शाळेचा धागा आठवतो ना? सिंथिया फेरार ही अविवाहित बाई १८२७ मध्ये अमेरिकन बोर्डाने मुंबईला धाडली. १८३९ पासून मरेपर्यंत तिने नगरात मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले इथे तिची शाळा पाहून गेले आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणातही चरित्रकार फेरारबाईंचं नाव घेतात. १६४७ च्या त्या कायद्याचा धागा इथे येऊन पोचतो. पण जोतीराव मंडळीच्या दारात उभे राहिले का? नाही. त्यांनी शाळा उचलली, प्रश्न उचलला, आणि दार तिथेच ठेवलं. १८७३ मध्ये स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. मिशनऱ्यांना याचं दुःख झालं असेल. माझ्या मते त्यांचा याहून चांगला शिष्य झाला नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: मनाचा कौल वगैरे ब्राह्मणांच्या गोष्टी, बाकीचे भाकरीसाठी आले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर या जिल्ह्यात महार आणि मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली, हे निर्विवाद आहे. वडाळा, राहुरी, शेवगावच्या बाजूची खेडीच्या खेडी. भाकरीचा भाग होता का? होता. मिशनऱ्यांनाही हा संशय छळत होता, म्हणून तर ते उमेदवारांना ताटकळत ठेवत. पण मला उलट विचारायचं आहे: भाकरी आणि मान या दोन गोष्टी कोणाच्या आयुष्यात वेगळ्या असतात? ज्याच्या घरात धान्याची कणगी आहे, त्याच्या. गावच्या महाराची भाकरी म्हणजेच त्याचा अपमान होता: मेलेलं ढोर ओढायचं, जोहार घालायचा आणि दारोदार शिळं मागायचं. ख्रिस्ती झाल्यावर गावाने बलुतं अडवलं, पाण्यावरून, वाटेवरून छळलं. भाकरीसाठी धर्म सोडणारा माणूस हक्काची भाकरी धोक्यात घालून येत नाही. शिवाय या 'भाकरीच्या ख्रिस्त्यां'नी एक गंमत केली. १८७० च्या दशकात नगरला एस.पी.जी. मिशन आलं, म्हणजे इंग्लंडचं चर्च. तेच झगे, तेच बिशप, ज्यांच्या नावाने प्युरिटन देशोधडीला लागले होते. अमेरिकन मंडळीतली काही कुटुंबं उठली आणि सरळ तिकडे गेली. अमेरिकन मिशनरी संतापले, आमची मेंढरं पळवली म्हणाले. पण मेंढरं पळवली जातात; माणसं जातात. खेड्यातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसाने दोन चर्चे तोलून पाहिली आणि निवड केली. कारण काहीही असो, निवड करायला कोणी शिकवलं?

तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे, तो आधी सांगतो. मंडळी स्वतंत्र म्हणायची, पण पगार बॉस्टनचा. पाळकाचा, मास्तराचा, बायबल बाईचा पगार मिशनच्या तिजोरीतून येई, आणि तिजोरीवर मिशनरी. अमेरिकन बोर्डाचा चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये पाहणीला भारतात आला होता. त्याचं मत होतं, की देशी मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः करावा, कारभार स्वतः पाहावा, प्रसार स्वतः करावा. याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्ण मोडक यांच्यासारखे देशी पाळक दीक्षित झाले. पुढे मंडळ्यांचं 'ऐक्य' झालं, त्याच्या वार्षिक सभा भरू लागल्या. पण मिशनऱ्यांची सभा वेगळी, आणि पैशाचे ठराव तिथे. एका गावात दोन पंगती, आणि वाढपी एकाच पंगतीतला. हे स्वातंत्र्य पोकळ होतं असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण मग पोकळपणा कोणी दाखवून दिला, तेही सांगा. तिकडे आपण येऊच. त्याआधी एक मिशनरीच मंडळीत कसा बंडखोर ठरला, ते ऐका, कारण माझ्या युक्तिवादाचा तो सगळ्यात मजबूत खांब आहे.

रॉबर्ट ॲलन ह्यूम. जन्म १८४७, मुंबईचा, बापही मिशनरी. १८७४ मध्ये नगरला आला, १८७८ मध्ये इथे धर्मशिक्षणाचं विद्यालय काढलं. १८८० च्या दशकात तो रजेवर अमेरिकेत होता. तिथे अँडोव्हरच्या सेमिनरीत एक वाद पेटला होता. ही सेमिनरी हार्वर्ड बिघडलं म्हणून सोवळ्या काँग्रिगेशनल लोकांनी काढलेली, आणि तिचेच प्राध्यापक आता म्हणू लागले होते, की ज्यांच्या कानांवर ख्रिस्ताचं नाव कधी पडलंच नाही, त्यांना कदाचित मृत्यूनंतर एक संधी मिळत असेल. १८८६ मध्ये ह्यूमने या मताला सहानुभूती दाखवली. झालं! बोर्डाच्या समितीने त्याची नगरला परतायची परवानगी अडवली. वार्षिक सभांत वादंग झालं. बॉस्टनमधल्या विद्वानांसाठी हा ग्रंथांतला प्रश्न होता. पण नगरात तो कोण विचारत होतं? कल्पना करा: शेवगावकडच्या एखाद्या खेड्यातला माणूस साक्ष द्यायला मंडळीपुढे उभा आहे. प्रश्नांची उत्तरं झाली. आता तो विचारतो: साहेब, माझा बाप गेल्या साली दुष्काळात मेला. त्याने तुमच्या देवाचं नाव ऐकलं नव्हतं. तो कुठे आहे? जुन्या सोवळ्या शिकवणीप्रमाणे उत्तर एकच होतं, आणि ते या माणसाच्या तोंडावर कोण देणार? हा प्रसंग मी कल्पनेने रंगवला. पण पूर्वजांचं काय, हा प्रश्न भारतातल्या मिशनऱ्यांपुढे सतत येत होता, आणि ह्यूमच्या भूमिकेमागे तो होता. दारात उभ्या असलेल्या माणसाने दारवानालाच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न बॉस्टनपर्यंत ऐकू गेला. सतराव्या शतकात याला हद्दपारी होती. १८८७ मध्ये ह्यूम परत आला. मायदेशातून पुन्हा नगरला! पुढची अनेक वर्षं इथेच राहिला. आज ह्यूम मेमोरियल चर्च त्याच्या नावाने उभं आहे. पाखंडाचा आरोप झालेल्याचं नाव मंडळीने आपल्या दारावर लावलं.

आणि आता टिळक. बाळ गंगाधर नव्हे, नारायण वामन. कवी, विद्वान, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले आणि नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये कामाला लागले. पण त्यांच्याआधी मला त्यांच्या स्वयंपाकघरात डोकवायचं आहे. लक्ष्मीबाई काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या आणि मग नगरला त्यांच्याजवळ राहायला आल्या. ख्रिस्ती न होता. एका छपराखाली दोन चुली. आपलं सोवळं, आपली चूल, आपलं पाणी. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे दिवस आठवतील. नीट पाहा या घराकडे: एकीकडे प्युरिटनांचं सोवळं, दुसरीकडे ब्राह्मणाचं सोवळं, आणि मध्ये एक भिंत. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मिशनने हट्ट केला नाही. जात माणसाने निर्माण केली, देवाने नव्हे, हा निकाल लक्ष्मीबाईंनी आपला आपण लावला, आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. दारातल्या त्या प्रश्नाचं इतकं सावकाश, इतकं प्रामाणिक उत्तर मॅसॅच्युसेट्सच्या दप्तरातही फार सापडणार नाही. कोर्टासमोरच्या ॲन हचिन्सनला ही बाई शोभली असती. फरक इतकाच, की लक्ष्मीबाईंनी कोर्टालाही हसवलं असतं.

टिळक स्वतः म्हणत, की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आले. पूल ओलांडल्यावर माणसं सहसा तो विसरतात. टिळकांनी उलट केलं. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात, ओवीत आणलं, 'ख्रिस्तायन' लिहायला बसले. आणि जसजसं वय झालं तसतशी त्यांना ती दोन पंगतींची व्यवस्था सलू लागली: पगार घेणारा भारतीय आणि पगार देणारा परदेशी, दोघे एकाच गुरूचे शिष्य कसे? १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. संन्यासवृत्तीने राहू लागले, आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. या दरबारात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती आणि न झालेल्यांनाही. म्हणजे काय, लक्षात येतंय का? तीनशे वर्षं जो प्रश्न दारात विचारला जात होता, तो टिळकांनी ठेवला, आणि दार काढून टाकलं. काहींना हे मंडळीला दिलेलं सर्वांत मोठं आव्हान वाटलं. मला ते त्या रचनेचं तर्कशुद्ध टोक वाटतं. मनच साक्षी असेल, तर पाण्याची अट कशाला? रॉजर विल्यम्सला हे समजलं असतं. आयुष्याच्या उत्तरार्धात तो स्वतःही कुठल्याच चर्चमध्ये उरला नव्हता.

कोणी म्हणेल, दरबार टिकला कुठे? बरोबर आहे, टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दोन वर्षांत काय उभं राहणार? पुढे नगरच्या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत गेल्या आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे ज्या बिशपपासून पळून मेफ्लॉवर निघालं होतं, तो बिशप शेवटी नगरला पोचलाच. इतिहासाला सूड घ्यायला साडेतीनशे वर्षं लागली, पण घेतला. टिळकांच्या बंडाचं माप मात्र मी दरबाराच्या आयुष्यावरून घेणार नाही. ते मंडळी त्यांच्याशी कशी वागली त्यावरून घेईन. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये नगरला सुरू केलेल्या 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक टिळक १९१२ पासून होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडलं. संपादकपद? ते मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. ज्या माणसाने मिशनच्या पगारावर आणि मिशनच्या दारावर असा ठपका ठेवला, त्याच्या हातात मिशनचंच पत्र! मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने रॉजर विल्यम्सवरची हद्दपारी अधिकृतपणे रद्द केली ती १९३६ मध्ये. तीनशे वर्षं लागली त्यांना. नगरने हद्दपारीचा हुकूम कधी काढलाच नाही, त्यामुळे रद्द करायची वेळही आली नाही. हे मोठेपण म्हणायचं, की सत्तेविना जन्मलेल्या मंडळीची असहायता? दोन्ही थोडं थोडं असावं. येत्या रविवारी सकाळी इथल्या कुठल्याही मराठी चर्चवरून गेलात, तर क्षणभर बाहेर थांबा. पेटी लागलेली असेल, तबला असेल. आणि 'उपासना संगीत' उघडून मंडळी गात असेल ते पद, बहुतेक, मिशन सोडून गेलेल्या त्या माणसाचं असेल.